गांडूळ, तारामासा आणि प्लेगची सुई



स्मरणिकेसाठी इतिहासाच्या शिक्षकाकडे लेख मागितला की तो बहुधा किल्ल्यावर किंवा राजवटीवर लिहितो. पैठण तालुक्यात राहणाऱ्याला अशा विषयांची वाण नाही. सातवाहनांपासून मलिक अंबरापर्यंत वाटेल तेवढे लिहिता येईल, आणि ते लिहिणारे पुष्कळ आहेत. यंदा मी एका प्रश्नाचा इतिहास सांगायचे ठरवले आहे. तो प्रश्न आपल्या पाचोडच्या मोसंबीच्या बागेत, झाडाच्या आळ्यात, खुरप्याच्या पहिल्या घावाला वर येतो.

गांडूळ पाहा. त्याला डोळे नाहीत, हाडे नाहीत, अंगावर खवले नाहीत की केस नाहीत. कातडी उघडी आणि सदा ओली. राहणे मातीत, खाणे कुजलेला पाला नि शेण. एक ग्रॅम सुपीक मातीत कोट्यवधी सूक्ष्मजंतू असतात, हे आपल्या नववी-दहावीच्या मुलांना ठाऊक आहे. त्याच मातीत आपल्या बोटाला खरचटले तर आपण धावत जाऊन धनुर्वाताची सुई घेतो. गांडूळ मात्र जन्मभर त्यातच वावरते, वाटेत खरचटते, कधी तुटतेही, आणि तरी सडून जात नाही. ते का सडत नाही?

“त्याच्यात रोगप्रतिकारशक्ती असेल,” असे उत्तर लगेच येईल. पण रोगप्रतिकारशक्ती म्हटले की पुस्तकात प्रतिद्रव्ये येतात, देवी-गोवराची लस येते, एकदा आलेला रोग पुन्हा न येणे येते. यातले काहीच गांडुळापाशी नाही. पाठीचा कणा नसलेला कोणताही प्राणी आपल्यासारखी प्रतिद्रव्ये तयार करीत नाही. जगातल्या प्राण्यांच्या शंभरातील पंचाण्णवांहून अधिक जाती बिनकण्याच्या आहेत. म्हणजे प्रतिद्रव्यांवाचून जगणे हाच प्राणिसृष्टीचा नेहमीचा रिवाज, आणि आपण अपवाद. मग या सगळ्यांच्या शरीराला परका जंतू कोणता आणि आपले अंग कोणते, हे कळते कसे?

आमच्याकडील विज्ञानाचे सर म्हणतील, हा प्रांत आमचा. तो आहेच. परंतु या प्रश्नाचे उत्तर मिळायला शंभराहून अधिक वर्षे लागली, त्या वाटेवर मुंबईचा प्लेग लागतो, पैठणीचे रेशीम लागते, आणि शेवटी ती वाट आपल्या घरातल्या पाळण्यापाशी येते. एवढा प्रवास असेल तर इतिहासाच्या माणसाने त्यात पाय घालायला हरकत नसावी.

या इतिहासाचा आरंभ इटलीतील सिसिली बेटावर, मेसिना गावी, १८८२ सालच्या अखेरीस झाला. इल्या मेचनिकॉफ नावाचा ३७ वर्षांचा प्राणिशास्त्रज्ञ ओडेसा विद्यापीठातील नोकरी सोडून तेथे समुद्रकाठी राहत होता. एके दिवशी घरची मंडळी सर्कशीतली माकडे पाहायला गेली आणि हा सूक्ष्मदर्शकापाशी एकटाच उरला. भिंगाखाली तारामाशाची पिल्ले होती. ही पिल्ले काचेसारखी पारदर्शक असतात, अंगातले सारे बाहेरून दिसते. त्यांच्या अंगात फिरत्या पेशी दिसत होत्या. त्या नुसत्याच फिरतात की शरीराची राखण करतात, असा विचार त्याच्या मनात आला. राखण करीत असतील, तर अंगात काटा रुतला की त्या तिकडे धावल्या पाहिजेत. त्याने अंगणातल्या गुलाबाचे काटे तोडले, पिल्लांच्या कातडीत टोचले, आणि रात्रभर झोप न लागता सकाळ होण्याची वाट पाहिली. सकाळी प्रत्येक काट्याभोवती त्या पेशींचा घोळका जमलेला होता.

विद्यार्थी मित्रांनो, या प्रयोगाला खर्च किती आला, याचा हिशेब करून पाहा. प्रयोगशाळेला अनुदान नाही म्हणून प्रयोग होत नाहीत, असे आपण शिक्षक मंडळी उठता-बसता म्हणतो. मीही म्हणतो. तरी गुलाबाचा काटा मला विसरता येत नाही.

१८८४ मध्ये मेचनिकॉफने पुढचा पुरावा दिला. डबक्यात डॅफ्निया नावाची पाण्यातली पिसू असते, तीही पारदर्शक. तिच्या आतड्यातून एका बुरशीचे सुईसारखे बीजाणू अंगात घुसतात. तिच्या पेशींनी ते गिळून टाकले तर ती वाचते, बीजाणू अधिक झाले तर मरते. एका थेंबात, डोळ्यांदेखत, रोग आणि आरोग्य यांची झुंज. या गिळणाऱ्या पेशींना ग्रीक शब्दांवरून फॅगोसाइट म्हणू लागले. मराठीत आपण भक्षक पेशी म्हणतो. माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी कित्येक याच जातीच्या आहेत.

जर्मनीतील विद्वानांना मात्र हे पटले नाही. त्यांचे म्हणणे, जंतूंचा नाश पेशी करीत नाहीत, रक्तरस करतो. १८९० मध्ये बेहरिंग व कितासातो यांनी घटसर्प व धनुर्वात यांवरील प्रतिविष रक्तरसात दाखवून दिले आणि त्यांचे पारडे जड झाले. पहिले नोबेल, १९०१ चे, बेहरिंग यांना मिळाले. १९०८ मध्ये मेचनिकॉफ आणि रक्तरसवाले पॉल एर्लिख यांना ते विभागून देण्यात आले. एका अर्थी ती तडजोड होती. पुढची साठ-सत्तर वर्षे संशोधकांची गर्दी प्रतिद्रव्यांकडेच राहिली, आणि पेशी जंतूला ओळखते कशी हा मूळ प्रश्न मागे पडला.

आता मुंबईला येऊ. ओडेसात मेचनिकॉफच्या हाताखाली शिकलेला एक विद्यार्थी होता, वॉल्डेमार हाफकिन. ज्यू असल्यामुळे रशियात त्याला चांगली जागा मिळेना. गुरूच्या मागोमाग तो १८८९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेला, तोसुद्धा ग्रंथपालाच्या जागेवर. तेथे पुस्तकांच्या कपाटांमधून वेळ काढून त्याने पटकीची लस तयार केली आणि १८९३ मध्ये ती घेऊन कलकत्त्यास उतरला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरात हाफकिन मुंबईत आला. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढा सरंजाम मिळाला.

लस बनविण्याची त्याची रीत आपल्या वाचकांनी मुद्दाम ध्यानात ठेवावी. प्लेगचे जंतू वाढवायला मांसाचा अर्क लागतो. गाईचे वा डुकराचे मांस वापरले तर या देशात ती लस कोणी अंगाला लावून घेणार नाही, हे ओळखून त्याने बकऱ्याचे मांस घेतले. अर्कावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले, त्यांना धरून जंतू लोंबत लोंबत खाली वाढत. भरपूर वाढले की उष्णतेने मारायचे, आणि तो सारा गढूळ द्रव, मेलेल्या जंतूंच्या कवचांसकट, सुईत भरायचा. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने पहिली सुई स्वतःला टोचवून घेतली. मात्रा १० घनसेंटिमीटर. पुढे मोठ्या माणसाला सामान्यतः अडीचच देत. त्याला ताप भरला, दंड दुखला, आणि तो बरा झाला. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात तयार झालेल्या कैद्यांना लस देण्यात आली.

पण लोक भ्याले. भिण्यासारखी परिस्थिती सरकारनेच करून ठेवली होती. घरात शिपाई घुसत, आजारी माणसाला उचलून नेत, सामान जाळीत. पुण्यात २२ जून १८९७ रोजी रँड साहेबावर गोळी झाडली गेली ती याच संतापातून. मुंबईत ९ मार्च १८९८ रोजी एका आजारी मुलीला नेण्यावरून मदनपुऱ्याकडील विणकर मोमीन बांधव रस्त्यावर आले आणि दंगा झाला. जबरदस्ती तपासणीची होती, लस ऐच्छिक होती. परंतु भ्यालेल्या माणसाला हा फरक दिसत नाही. त्यातून सुई घेतलेल्याला एक-दोन दिवस ताप येई, दंड सुजे. ज्या रोगाच्या तापाने माणसे मरत होती, त्याच रोगावरची सुई ताप आणते म्हटल्यावर कोण पुढे येईल?

येथे आगाखान तिसरे, सुलतान महंमद शाह, पुढे आले. तेव्हा त्यांचे वय अवघे वीस. त्यांनी हाफकिनच्या प्रयोगशाळेसाठी आपला ‘खुशरू लॉज’ हा बंगला दिला, स्वतः चारचौघांत दंड उघडा करून लस टोचवून घेतली, आणि त्यांचे पाहून हजारो खोजा मुसलमानांनी ती घेतली. आगाखान हे नाव आपण अलीगढच्या विद्यापीठासाठी वर्गणी गोळा करणारे म्हणून घेतो. त्यांचे हे काम त्याहून लहान नाही, असे मला वाटते. १० ऑगस्ट १८९९ रोजी प्रयोगशाळा परळच्या जुन्या सरकारी वाड्यात गेली. १९२५ पासून तिचे नाव हाफकिन इन्स्टिट्यूट आहे. स्वतः हाफकिनच्या वाट्याला मात्र अपमान आला. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ लोक धनुर्वाताने दगावले. दोष बाटली उघडताना झालेल्या हलगर्जीपणाचा होता, पण पाच वर्षे ठपका हाफकिनवर राहिला. १९०७ मध्ये तो निर्दोष ठरला.

गुरूने तारामाशात पाहिलेले आणि शिष्याने मुंबईत टोचलेले यांचा एकमेकांशी काय संबंध, हे त्या दोघांनाही पुरते सांगता आले नसते. ताप का येतो याचे उत्तर त्या काळी नव्हते. ते उत्तर शोधायला पुन्हा गांडुळाकडे यावे लागले.

१९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत एडविन कूपर आणि फ्रान्समध्ये काही संशोधक गांडुळांवर कातडीची कलमे करू लागले. आपण मोसंबीचे डोळे भरतो तसेच हे. एका गांडुळाच्या कातडीचा तुकडा काढून त्याच्याच अंगावर दुसरीकडे लावला तर तो जीव धरतो. दुसऱ्या जातीच्या गांडुळाचा लावला तर काही दिवसांत तो काळवंडून गळून पडतो. म्हणजे या बिनडोळ्यांच्या प्राण्याला आपले आणि परके कळते! हे काम त्याच्या अंगातल्या पोकळीतील द्रव आणि त्यात तरंगणाऱ्या पेशी करतात. ज्यांनी कॉलेजात गांडूळ फाडले असेल त्यांना पाठीवरची बारीक रंध्रे आठवतील. गांडुळाला डिवचले की तेथून जो चिकट पिवळसर पाझर येतो, तोच हा द्रव. जंतू फार झाले तर या पेशी त्यांना घेरून गाठोडे करतात आणि ते तपकिरी गाठोडे शेपटीकडे सरकवतात.

पण कळते म्हणजे नेमके काय होते? याचा पहिला पक्का धागा मिळाला तो रेशमाच्या किड्यात. पैठण तालुक्यातल्या माणसाला रेशीम म्हणजे पैठणी. तिच्यासाठी लागणारे तुतीचे रेशीम आता मराठवाड्यातही पुष्कळ होते. जालन्यास २०१८ मध्ये रेशीम कोषांची बाजारपेठ सुरू झाली, राज्यातली ती पहिली. ज्यांच्या घरी शेड आहे त्यांना अळ्यांचे रोग सांगायला नकोत. एक अळी सुस्तावली, पाला खाईना, की घरधन्याचा चेहरा उतरतो. त्यांनी हेही पाहिले असेल की अळीला जखम झाली की तिचे पांढुरके रक्त थोड्या वेळात काळे पडते. तो काळा रंग नुसता डाग नव्हे. जखमेची जागा सांधणारी आणि जंतूंना मारणारी ती एक रासायनिक साखळी आहे.

जपानमध्ये मासाआकी आशिदा यांनी वर्षानुवर्षे या काळे पडण्याचाच अभ्यास केला. साखळी आपोआप सुरू होत नाही. तिला कोणीतरी पहिला इशारा द्यावा लागतो. १९८८ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने अळीच्या रक्तातून एक प्रथिन वेगळे केले. ते बुरशीच्या भिंतीतल्या ग्लुकन नावाच्या शर्करेला चिकटते. १९९६ मध्ये त्यांच्या गटाने दुसरे प्रथिन काढले, ते जिवाणूंच्या भिंतीतल्या द्रव्याला चिकटते. चिकटले की साखळी सुरू. अशा ओळखणाऱ्या प्रथिनांना शास्त्रात रिसेप्टर किंवा ग्राही म्हणतात. हे पहारेकरी होत.

गांडुळातील असाच पहारेकरी १९९८ मध्ये प्राग आणि ब्रुसेल्स येथील संशोधकांनी शोधला. त्याचे गांडूळ आपल्या ओळखीचे आहे. गांडूळखताच्या बेडमध्ये आपण जे तांबडे, वळवळे गांडूळ सोडतो, आयसेनिया फेटिडा, तेच. त्याच्या पोकळीतले एक प्रथिन बुरशीच्या भिंतीलाही धरते आणि जिवाणूच्या कवचालाही. पुढे २००६ मध्ये याच प्रयोगशाळेतून इतर गांडुळांशी तुलना झाली, तेव्हा आढळले की शेणात राहणाऱ्या या जातीचा पहारेकरी साध्या मातीतल्या भाऊबंदांपेक्षा जास्त प्रकारच्या खुणा ओळखतो. जेथे चोर अधिक तेथे चौकीदार अधिक तयार. निसर्गाचा हा हिशेब मला फार आवडतो.

मात्र हे सारे किड्या-गांडुळांचे झाले. माणसाचा त्याच्याशी संबंध जोडणारा माणूस अमेरिकेतील येल विद्यापीठात होता, चार्ल्स जेनवे. १९८९ मध्ये त्यांनी एका भाषणात आपल्याच विद्याशाखेची एक झाकली मूठ उघडली. प्रयोगशाळेत प्राण्याला शुद्ध प्रथिन टोचले तर बहुधा प्रतिद्रव्ये तयारच होत नाहीत. त्यात मेलेल्या जंतूंचा थोडा चुरा मिसळला तरच होतात. सगळे संशोधक चुरा मिसळत होते, पण तो का लागतो हे कोणी बोलत नव्हते. जेनवे म्हणाले, आपल्या शरीरातही एक जुनी, जन्मजात पहारेदारी असली पाहिजे. ती प्रत्येक जंतूला नावानिशी ओळखत नाही. जंतूंच्या भिंतीतल्या, आपल्या अंगात कधीच नसणाऱ्या, ठरावीक खुणा तेवढ्या ओळखते आणि इशारा देते. इशारा मिळाल्यावाचून प्रतिद्रव्यांची फौज हलत नाही.

शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही. मक्याच्या शेतात सकाळी रानडुकराचा माग दिसला, तर ते डुक्कर कोणते, कोठून आले, याची चौकशी करीत आपण बसत नाही. खूर पाहिला की आरोळी ठोकतो.

जेनवे यांच्याकडे तेव्हा पुरावा नव्हता, फक्त तर्क होता. छापलेला तो लेख मॉस्कोत एका विद्यार्थ्याच्या हाती पडला. रुस्लान मेदझितोव, ताश्कंदचा, सोव्हिएत संघ कोसळत होता त्या दिवसांतला. लेखाची झेरॉक्स काढायला त्याने आपले महिन्याचे अर्धे विद्यावेतन खर्च केले, असे त्याच्याविषयी लिहिले गेले आहे. त्याने जेनवे यांना पत्र पाठवले आणि १९९४ मध्ये त्यांच्याकडे जाऊन पोचला. आपल्या संस्थेत शिकणाऱ्या, घरी पुस्तकाला पैसे नसणाऱ्या मुलांना मी हा प्रसंग सांगतो. ताश्कंदचा एक मुलगा बाबराच्या फर्गाण्याच्या शेजारून येलला गेला, हे मुलांना इतर गोष्टींपेक्षा चटकन लक्षात राहते.

यानंतरच्या घटना एकापाठोपाठ एक घडल्या. जर्मनीत फळमाशीच्या वाढीचा अभ्यास करताना ख्रिस्तियाने न्यूसलाइन-फोलहार्ड यांच्या गटाला एक जनुक सापडले होते. त्याला त्यांनी आनंदाच्या उद्गारावरून ‘टोल’ नाव दिले. जर्मन भाषेत त्याचा अर्थ ‘भन्नाट’. टोलनाक्याशी काही संबंध नाही, तरी नाव चपखल बसले आहे. फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ज्यूल्स हॉफमन टोळ व माश्यांवर काम करीत. १९९६ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की टोल बिघडलेल्या माशीला बुरशी लागली की ती वाचत नाही. त्या मेलेल्या माशीचे, अंगावर बुरशीचे केस उगवलेले छायाचित्र जगभर गाजले. माशीत टोल स्वतः जंतूला हात लावत नाही. रेशमाच्या अळीत सापडला त्या जातीचा पहारेकरी जंतू धरतो आणि टोलपर्यंत निरोप जातो. १९९७ मध्ये मेदझितोव व जेनवे यांनी माणसातील टोल शोधला. १९९८ मध्ये ब्रूस बॉइटलर यांनी उंदरांवरून सिद्ध केले की असाच एक टोल, टीएलआर-४ नावाचा, जिवाणूंच्या कवचातील एंडोटॉक्सिन या द्रव्याची खूण ओळखतो. पटकी, विषमज्वर, डांग्या खोकला आणि प्लेग, या सर्वांच्या जंतूंचे कवच त्याच घराण्यातले.

२०११ चे नोबेल हॉफमन, बॉइटलर आणि राल्फ स्टाइनमन यांना मिळाले. जेनवे २००३ मध्येच वारले होते. मेदझितोव यांचे नाव यादीत नव्हते, आणि अनेक शास्त्रज्ञांनी त्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली. माझे मत त्या नाराजांच्या बाजूने आहे.

माणसात असे टोल दहा. समुद्रातल्या सी-अर्चिन या काटेरी गोळ्याची सारी जनुके २००६ मध्ये वाचली गेली तेव्हा त्याच्यात तशी २२२ जनुके निघाली. तो तारामाशाचाच भाऊबंद. मेचनिकॉफने टोचलेल्या काट्याभोवती जमलेल्या पेशींचे नातेवाईक एवढे शस्त्रसज्ज असतील, याची त्याला कल्पनाही नव्हती. आयसेनिया जातीच्या गांडुळातही टोलचे जनुक २०१३ मध्ये मिळाले.

आणि आता पुन्हा प्लेग. भारतात १८९६ पासूनच्या त्या साथीने एक कोटीहून अधिक माणसे नेली. हा जंतू एवढा घातकी का, याचे एक उत्तर २००६ मध्ये मिळाले. प्लेगचा जंतू पिसवेच्या अंगात, थंडाव्यात असतो तेव्हा त्याच्या कवचातील द्रव्याला सहा स्निग्ध शेपट्या असतात. टीएलआर-४ त्या सहज ओळखतो. माणसाच्या किंवा उंदराच्या ३७ अंशाच्या उबेत आला की तो दोन शेपट्या कमी करतो. चार शेपट्यांचे कवच पहारेकऱ्याला दिसत नाही. चोराने उंबरठ्यावर जोडे काढून आत यावे, तसा हा प्रकार. अमेरिकेतील संशोधकांनी या जंतूच्या जनुकात बदल करून त्याला उबेतही सहा शेपट्या ठेवायला भाग पाडले, तेव्हा तोच भयंकर जंतू उंदरांना मारू शकला नाही. मात्र त्यासाठी उंदरात टीएलआर-४ शाबूत असावा लागे. आरोळी वेळेवर उठली की उंदीर जगला. १८९७ च्या मुंबईत, मांडवीच्या चाळीत, शेकडो शरीरांत ती आरोळी उठलीच नव्हती.

पालक बंधू-भगिनींनो, पाळण्यापर्यंत येतो म्हणालो होतो. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला सरकारी दवाखान्यात बाळाच्या डाव्या मांडीत जी पेंटाव्हॅलंट लस देतात, तिची मात्रा अर्धा मिलिलिटर. तिच्यात पाच रोगांवरील अंश आहेत. त्यांपैकी डांग्या खोकल्याचा अंश हा मारलेल्या अख्ख्या जंतूंचा, म्हणजे हाफकिनच्याच रीतीचा. त्या जंतूंचे कवच आत गेले की बाळाच्या पेशींवरचा टोल ते ओळखतो आणि आरोळी ठोकतो. त्या रात्री बाळ किरकिरते, अंग तापते, मांडी लाल होते. घरातली वडीलधारी माणसे म्हणतात, सुई बाधली. पुढच्या वेळी आशाताई दारात आल्या की आई बाळाला घेऊन मागच्या खोलीत जाते.

शहरात खाजगी दवाखान्यात ‘न दुखणारी’ लस महाग मिळते. तिच्यात अख्खा जंतू नसतो, त्याचे निवडक तुकडे असतात, म्हणून ताप कमी येतो. अमेरिकेने १९९० नंतरच्या दशकात अख्ख्या जंतूची लस सोडून तीच सर्वत्र सुरू केली. २०१० मध्ये कॅलिफोर्नियात डांग्या खोकल्याची मोठी साथ आली. नंतरच्या तपासणीत दिसले की निवडक तुकड्यांच्या लसीचे संरक्षण काही वर्षांतच ओसरते. अख्ख्या जंतूच्या लसीचे अधिक टिकते. दोन्ही लसी संरक्षण देतात. ज्यांना परवडते त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने कोणतीही द्यावी. सरकारी दवाखान्यातली फुकट सुई म्हणजे हलकी सुई, ही समजूत मात्र पाचोडच्या बाजारात मी पुष्कळदा ऐकली आहे, आणि ती खरी नाही.

सुईनंतरचा ताप बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. परिचारिका देतात ते तापाचे औषध सांगितलेल्या मात्रेत द्यावे, बाळाला अंगावर पाजत राहावे. ताप फार चढला, दोन दिवसांत उतरला नाही, बाळाने दूध ओढणे सोडले किंवा झटका आला, तर मात्र घरी बसू नये, लगेच दवाखाना गाठावा.